रिकाम्या रुळावरचा लाल दिवा

ऑगस्टातली रात्र. बालाघाटात पावसाची झड लागलेली, आणि घरातल्या खोलीत प्लायवूडवर मांडलेल्या माझ्या छोट्या रेल्वेच्या पडद्यावर तीन नंबरचा ब्लॉक लाल. लाल म्हणजे तिथे गाडी उभी आहे. मी वाकून पाहिलं, बॅटरी मारून पाहिलं. रूळ रिकामा होता. इंजिन आणि डबे तर कपाटात. तरी यंत्रणा आपली ठाम: गाडी आहे, सिग्नल मिळणार नाही.

बालाघाटात एखाद्याला हा नाद लागला तर नवल नाही. बंगाल नागपूर रेल्वेने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गोंदियाहून बालाघाट, नैनपूरमार्गे जबलपूरकडे नेलेली अडीच फुटी छोटी लाईन इथल्या कित्येक पिढ्यांच्या अंगवळणी पडली होती. आज त्या मार्गावर ब्रॉडगेज आहे. जुनी इंजिनं पाहायची तर नागपुरात मोतीबागेला जावं. तिथलं नॅरोगेज संग्रहालय १४ डिसेंबर २००२ रोजी सुरू झालं. हातभर लांबीच्या गाड्या धावताना पाहायच्या तर पुणं गाठावं. तिथे भाऊसाहेब जोशींनी उभारलेलं मिनिएचर रेल्वेचं संग्रहालय १ एप्रिल १९९८ पासून लोकांसाठी खुलं आहे. तेवढ्यावर ज्याचं भागत नाही, तो घरीच फळी मांडतो. हिशेब सोपा आहे. छोट्या लाईनीची रुंदी ७६२ मिलिमीटर. मॉडेल ८७पट लहान करायचं म्हणून तिला ८७ने भागा, पावणेनऊच्या आसपास येतात. एन गेजचा तयार रूळ ९ मिलिमीटरचा असतो. छोटी लाईन त्यावर चपखल बसते.

यंत्रणेला कळतं काय?

जुन्या पद्धतीत रुळाला जेवढे व्होल्ट द्याल तेवढा वेग, आणि त्या रुळावरची सगळी इंजिनं एकदम निघणार. डीसीसी, म्हणजे डिजिटल कमांड कंट्रोल, या पद्धतीत रुळात पूर्ण दाबाची वीज कायम असते आणि हुकूमही तिच्यातूनच जातात. जर्मनीच्या बर्न्ड लेन्झ यांनी ती विकसित केली. अमेरिकेच्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनने १९९०च्या दशकात तिचं प्रमाण ठरवलं. विजेची दिशा सतत पालटत राहते. अर्धी फेरी ५८ मायक्रोसेकंदांची असेल तर ‘एक’, शंभराच्या आसपास किंवा जास्त असेल तर ‘शून्य’. अशा एक-शून्यांची गाडी बनवून कमांड स्टेशन सांगतं, ‘तीन नंबरच्या इंजिना, हळू हो.’ इंजिनातला डिकोडर आपला नंबर ओळखतो, शेवटचा ताळा जमला तरच हुकूम मानतो. कारखान्यातून आलेल्या नव्या डिकोडरचा नंबर बहुधा तीनच असतो. म्हणून दोन नवी इंजिनं ठेवली की एकाला दिलेला हुकूम दोघंही पाळतात, आणि माणूस बुचकळ्यात पडतो.

साध्या डीसीसीत हुकूम खाली जातात, पण इंजिन उलट काही बोलत नाही. कमांड स्टेशनला डोळे नाहीत, त्याला फक्त वीज कळते: कुठून गेली, किती गेली. मला कोड्यात टाकणारे इशारे याच एका जाणिवेतून निघाले. फार गेली, हवी तेव्हा गेली नाही, आणि जायला नको तिथे थोडी गेली.

फार गेली

पडद्यावर ‘शॉर्ट सर्किट’ येतं आणि सगळं थांबतं. बहुतेक वेळा डबा रुळावरून घसरलेला असतो, किंवा सांधा बदलताना एखादं लोखंडी चाक दोन वेगळ्या रुळांना एकदम टेकलेलं असतं. गाडी वळसा घालून त्याच रुळावर परत येते अशी मांडणी असेल, तर डावा रूळ उजव्याला जाऊन भेटतो. तिथे रूळ तोडून आपोआप दिशा पालटणारं यंत्र बसवावंच लागतं. कधी शॉर्ट नसतानाही हा इशारा येतो. आवाजाच्या इंजिनांत कपॅसिटर असतात. चार-पाच इंजिनं एकदम चालू केली की ते सगळे मिळून पहिल्या क्षणी एवढी वीज ओढतात की रुळाला वीज पुरवणाऱ्या बूस्टरला तो शॉर्टच वाटतो. इंजिनं एकेक करून ठेवली की प्रश्न मिटतो.

हा इशारा मुद्दाम मागवूनही घ्यावा. रुपयाचं नाणं दोन्ही रुळांवर आडवं ठेवायचं. वीज तत्क्षणी तुटली पाहिजे. तुटली नाही तर त्या जागेपर्यंत आलेली तार बारीक आहे किंवा जोड सैल आहे. खरा शॉर्ट झाला तर बूस्टरला तो कळणार नाही, आणि रूळ व डब्याचं प्लॅस्टिक तापत राहील. दर दोन हातांवर नाणं ठेवत गेलो तेव्हा माझ्या फळीवर अशा दोन जागा निघाल्या.

हवी तेव्हा गेली नाही

डिकोडरमध्ये नवा नंबर भरायला इंजिन वेगळ्या रुळावर ठेवतात. आकडा पोचला की डिकोडर मोटारीला क्षणभर वीज देतो. सहा मिलिसेकंद, किमान ६० मिलिअँपिअर. इंजिन जागच्या जागी दचकल्यासारखं हलतं. ही त्याची पोचपावती. ती आली नाही की संगणक तक्रार करतो, आणि माणूस डिकोडर जळाला म्हणून हळहळतो. आधी चाकं पुसावीत. माझ्याकडे तीनदा असं झालं. तिन्ही वेळा चाकांवर काळा थर होता.

नको तिथे गेली

आता तीन नंबरचा ब्लॉक. डब्याच्या धुरीवर १० हजार ओहमचा रेझिस्टर लावलेला असतो. रुळात १२ व्होल्ट असले तर त्यातून १.२ मिलिअँपिअर वीज जाते. एवढ्याशा विजेवरून डिटेक्टर म्हणतो, ‘गाडी आहे.’ त्याच आठवड्यात मी पातळ केलेल्या गोंदाने गिट्टी चिकटवली होती. पावसाळी हवेत ती वाळलीच नव्हती. एका रुळातून दुसऱ्यात ओल्या गिट्टीवाटे तेवढीच वीज झिरपत होती. पाण्याचा डबा तीन नंबरवर उभा होता.

ओळखीच्या, सिग्नल खात्यातून निवृत्त झालेल्या काकांना सांगितलं, तर ते हसले. ‘‘पावसाळ्यात आमचं हेच व्हायचं. गाडी नाही म्हणतोस, पण जाऊन बघितलंस ना?’’ खऱ्या रेल्वेतलं ट्रॅक सर्किट हे या युक्तीचं थोरलं भावंड. अमेरिकेच्या विल्यम रॉबिन्सन यांना १८७२ साली त्याचं पेटंट मिळालं. रुळांत हलकी वीज सोडलेली असते; गाडीची चाकं ती वाटेतच वळवतात, रिले पडतो, सिग्नल लाल होतो. रूळ मोडला, तार तुटली, गिट्टीत पाणी साचलं, तरीही लालच. शंका आली की थांबवायचं, अशी त्याची घडण आहे. मग स्टेशन मास्तर खातरजमा करतो आणि लेखी परवाना देऊन गाडी पुढे काढतो.

मला मात्र धीर नव्हता. डिटेक्टरची संवेदनशीलता स्क्रू फिरवून कमी केली. लाल गेला, मी खूश. दोन दिवसांनी तीन नंबरवर एकच डबा सोडून ठेवलेला होता. पडद्यावर ब्लॉक मोकळा, सिग्नल हिरवा. इंजिन वळणावरून आलं आणि डब्यावर आदळलं. पाण्याचा डबा दिसू नये म्हणून जी नजर मी मंद केली, तिला खरा डबाही दिसला नव्हता. खोट्या लाल दिव्याने माझा खोळंबा केला होता, खोट्या हिरव्याने डब्याचा कपलर मोडला.

मग स्क्रू पूर्ववत केला, पंखा लावून गिट्टी वाळवली, प्लायवूडला खालून वार्निश दिलं. फळीजवळ एक वही टांगली. इशारा काय, कुठे, कोणतं इंजिन, हवा कशी, एवढंच तिच्यात लिहायचं. चार पानं भरली की इशाऱ्यांची टोळकी आपोआप दिसू लागतात: पावसाचे वेगळे, एकाच सांध्याचे वेगळे.

दिवाळीत घरी मुलं जमतात, गाडी लवकर सुरू करा म्हणून मागे लागतात. आधी नाणं फिरतं. मग एक सुटा डबा मी बोटाने ढकलत फळीभर नेतो आणि नजर पडद्यावर ठेवतो. एक लाल, दोन लाल, तीन लाल. मुलं कंटाळतात. मला मात्र प्रत्येक लाल दिव्याला बरं वाटतं.