तुटलेले औजार : आधी कारण ओळखा, मग वेल्डिंग करा



ऐन गळीत हंगामात नांगराचा भाग मोडला किंवा ट्रॉलीची दांडी तुटली, की आपण तडक वेल्डिंगवाल्याकडे धावतो. काम भागते, पण पुष्कळदा तोच भाग वेल्डिंगच्या शेजारीच पुन्हा तुटतो. शेतात तुटला तर दिवस बुडतो. पण चढावर उसाने भरलेली ट्रॉली सुटली, तर मागच्याचा जीव जातो. म्हणून तुटलेले तुकडे टाकून देऊ नयेत. कारण त्यांतच दिसते.

तुटलेली बाजू नीट पाहावी. भाग आधी वाकून, ताणून तुटला असेल तर एकाएकी जादा ताण आला, उदा. जमिनीत दगड लागला. न वाकता कट्‌कन मोडला आणि बाजू दाणेदार, चमकदार दिसली, तर तो बिडाचा किंवा फार कडक पोलादाचा आहे. आणि गिरगाव चौपाटीच्या वाळूवर ओहोटीनंतर दिसतात तशा वळ्या एका अंगाला असतील, तर ते धातूच्या थकव्याचे लक्षण. तडा पूर्वीच पडून रोज थोडा वाढत होता. आत जुना गंज दिसला तर शंकाच नको. असा तडा बहुधा भोकापाशी, काटकोनी कोपऱ्यात वा जुन्या वेल्डिंगजवळ सुरू होतो.

मग धातू ओळखावा. ग्राइंडरवर घासल्यास साध्या पोलादाच्या ठिणग्या लांब, कमी फुटणाऱ्या असतात; जास्त कार्बनच्या दाट, फुलबाजीसारख्या; बिडाच्या आखूड, तांबूस.

साध्या पोलादाला नेहमीचे वेल्डिंग चालते. सुमारे ०.४ टक्के कार्बनच्या ईएन-८ सारख्या पोलादाचा जाड भाग आधी २०० ते ३०० अंश सेल्सिअस तापवावा, भट्टीत सुकवलेला ७०१८ रॉड वापरावा आणि नंतर राखेत हळूहळू निवू द्यावा. पाणी ओतू नये. सांधा ठिसूळ होतो. तड्याच्या टोकाला भोक पाडावे, तडा खोबणीसारखा पूर्ण घासून काढावा, मगच भरावे. नुसते वरून भरले तर तडा आत जिवंतच राहतो. बिडाला निकेलचा रॉड लागतो.

हिच पिन, स्प्रिंगचे फण आणि रोटाव्हेटरची पाती वेल्ड करू नयेत, बदलावीत. शिअर बोल्ट मोडण्यासाठीच असतो. त्या जागी जादा मजबूत बोल्ट घातला, तर गिअर बॉक्स मोडतो.

नवा भाग घडवायचा असेल तर मालाची जात विचारून घ्यावी. मुंबईत गिरगावलगत सी. पी. टँक, गुलालवाडी भागात पोलादाच्या पेढ्या आहेत. तेथे ईएन-८, ईएन-४५ असे नाव सांगून चाचणीचा दाखला मागावा. स्प्रिंगच्या कामाला ईएन-४५ लागते. भंगारातला तुकडा स्वस्त पडतो, पण त्याची जात कळत नाही.

हंगामापूर्वी दांडी, हूक, पिन घासूनपुसून तडे तपासा. ट्रॉली बेताने भरा. तडा दिसला, तर ती खेप थांबवा. ऊस एक दिवस थांबेल.