ट्रकच्या इंजिनची पॉवर वाढवायचीय? रिमॅप करण्याआधी हे वाचा

इन्स्टावर एक रील तुम्हीही पाहिली असेल. ट्रकच्या डॅशबोर्डखाली वायर जोडलेली, शेजारी लॅपटॉप आणि वर लिहिलेलं, "अर्ध्या तासात ३० टक्के जास्त पॉवर!" गेल्या हंगामात अशीच एक रील माझ्या थोरल्या भावाने मला पाठवली होती. खाली मेसेज होता: "गाडी धारूरच्या घाटात ओढंना झालीय. हे करून घेऊ का रं?"

दादाची सहाचाकी आहे, सेकंड हँड घेतलेली, हप्ता अजून चालू. हंगामात माजलगाव भागातला ऊस भरून धारूरचा घाट चढायचा आणि कारखान्यावर खाली करायचा, हे त्याचं काम. घरात मोबाईलचं, सॉफ्टवेअरचं मलाच कळतं असं सगळ्यांना वाटतं. मी दोन यूट्यूब व्हिडिओ पाहिले आणि म्हणालो, "कर दादा, काही होत नाही."

ते उत्तर चुकलं. कसं चुकलं, तेच आज सांगतो.

डिझेल इंजिनला ताकद मिळते कुठून?

पेट्रोल इंजिनमध्ये ठिणगीसाठी प्लग असतो, डिझेलमध्ये नसतो. पिस्टन हवा इतकी दाबतो की ती प्रचंड तापते. त्या तापलेल्या हवेत नोझल डिझेलचा बारीक फवारा मारतं आणि ते आपोआप पेटतं.

म्हणजे पॉवर वाढवायची तर डिझेल जास्त सोडायचं, एवढंच ना? अर्धं बरोबर. १ किलो डिझेल पूर्ण जळायला साधारण साडेचौदा किलो हवा लागते, आणि प्रत्यक्षात डिझेल इंजिनला त्याहूनही जास्त हवा द्यावी लागते. हवा कमी पडली की डिझेल अर्धवट जळतं, काळा धूर निघतो आणि आतली उष्णता वाढत जाते.

हवा जास्त मिळावी म्हणून टर्बो असतो. बाहेर जाणाऱ्या गरम धुराच्या जोरावर तो फिरतो आणि ताजी हवा दाबून आत ढकलतो. दाबलेली हवा तापते, तापली की विरळ होते. म्हणून ती मध्ये इंटरकूलरमधून थंड करून इंजिनला देतात. आपल्याकडे मे महिन्यात ४२ अंशांच्या उन्हात हवा मुळातच विरळ असते. १५ अंशांच्या हवेच्या तुलनेत तेवढ्याच जागेत जवळजवळ ९ टक्के कमी हवा मावते. उन्हाळ्यात गाडी सुस्त वाटते, त्याचं हे एक कारण.

मग रिमॅप म्हणजे काय?

जुन्या गाड्यांत डिझेल किती सोडायचं हे यांत्रिक पंप ठरवायचा. मिस्त्री स्क्रू फिरवून "पंप वाढवून" द्यायचे. आताच्या कॉमन रेल इंजिनमध्ये हे काम ईसीयू करतो. ईसीयू म्हणजे इंजिनचा छोटा कॉम्प्युटर. त्यात तक्ते भरलेले असतात: एवढ्या आरपीएमला, एवढी हवा असेल तर, एवढं डिझेल, एवढ्या दाबाने, अमुक क्षणी. या तक्त्यांना मॅप म्हणतात आणि ते बदलणं म्हणजे रिमॅप. फोन रूट करून प्रोसेसर ओव्हरक्लॉक करण्यासारखंच समजा. फोन तापला तर बाजूला ठेवता येतो, घाटातला ट्रक नाही.

दुसरा प्रकार ट्यूनिंग बॉक्स. तो ईसीयूचा प्रोग्रॅम बदलत नाही, त्याला फसवतो. रेलमधला डिझेलचा दाब खरा आहे त्यापेक्षा कमी आहे, असा खोटा सिग्नल देतो. मग ईसीयू दाब वाढवतो आणि डिझेल जास्त जातं.

कंपनी मुळातच ही पॉवर का देत नाही? कारण ती थोडी जागा राखून ठेवते. भेसळीचं डिझेल, चोंदलेला फिल्टर, कडक ऊन, लांबलचक चढ या सगळ्यांत इंजिन वाचावं म्हणून. शिवाय क्लच, गिअरबॉक्स, जॉइंट आणि क्राऊन-पिनियन हे सगळं ठरावीक ताकदीसाठीच बनवलेलं असतं.

आमच्या गाडीचं काय झालं?

रिमॅप झाला. पहिले तीन आठवडे दादा खूश. "गाडी पळतीय नुसती!" धूर थोडा काळा यायचा, पण त्याकडे कोणी लक्ष दिलं नाही.

मग एका रात्री घाट चढताना मध्येच आवाज बदलला, पॉवर गेली आणि मागे धुराचा लोट. इंजिन खोललं तर एका पिस्टनची कड वितळलेली. पिस्टन अ‍ॅल्युमिनिअमच्या मिश्रधातूचा असतो आणि शुद्ध अ‍ॅल्युमिनिअम ६६० अंशांना वितळतं. आत जळणाऱ्या वायूचं तापमान याच्या कितीतरी पट असतं. ऑइल आणि पाण्याने उष्णता सतत ओढून घेतली जाते, म्हणून पिस्टन टिकतो. उष्णता त्यापेक्षा जास्त झाली की खेळ खलास.

पण खरी गोष्ट मिस्त्रीने दाखवली. इंटरकूलरचा होज पाइप खालच्या बाजूने फाटलेला होता, आणि तो रिमॅपच्या आधीपासूनच. टर्बोने दाबलेली हवा तिथून निघून जायची. गाडी घाटात ओढत नव्हती, त्याचं मूळ कारण हेच!

आता साखळी बघा. हवा कमी येतेय हे ईसीयूला कळत होतं, म्हणून तो डिझेल कमी करून इंजिन वाचवत होता. आम्हाला वाटलं, गाडीत दम नाही. रिमॅप करणाऱ्याने पाइप न तपासता तीच मर्यादा उठवली. डिझेल वाढलं, हवा तेवढीच राहिली, उष्णता वाढली आणि पिस्टन गेला.

गाडी अकरा दिवस उभी राहिली. दादाचा हप्ता तर थकलाच, पण त्याच्या गाडीवर अवलंबून असलेली टोळीही फडात बसून राहिली. ऊसतोड कामगाराला पैसे टनावर मिळतात. तोडलेला ऊस उचलायला गाडीच नसेल तर टन कुठून होणार? अंगावर घेतलेली उचल मात्र फेडावीच लागते. माझ्या एका "कर दादा"ची किंमत ज्यांनी ती रील कधी पाहिलीही नव्हती, त्यांनीही मोजली.

घाटाचं साधं गणित

समजा, चढ दर १०० मीटरला ६ मीटर आहे. दोन अ‍ॅक्सलच्या सहाचाकी ट्रकची २०१८ मध्ये वाढवलेली मर्यादा गाडी आणि माल मिळून १८.५ टन आहे. तेवढ्या वजनाने ताशी २० किलोमीटर वेगाने चढायला चाकांवर साधारण ९५ हॉर्सपॉवर लागते. त्यावर ६ टन जास्त भरा. आता तोच वेग हवा असेल तर जवळजवळ १२५ लागेल. पॉवर तेवढीच ठेवली तर वेग १५ वर येतो.

म्हणजे "पॉवर कमी आहे" ही तक्रार बऱ्याचदा "माल जास्त आहे" अशी असते. आणि रिमॅपने इंजिन वाढतं, ब्रेक वाढत नाहीत. जे वजन तुम्ही वर नेलं, तेच पुढच्या उतारावर त्याच ब्रेकने थांबवायचं असतं.

कायदा काय म्हणतो?

- मोटार वाहन कायद्यानुसार परवानगी नसलेला बदल केला तर मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.
- ओव्हरलोडला २०,००० रुपये, वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये.
- एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांत धूर साफ करणारा डीपीएफ आणि बहुतेक मोठ्या ट्रकमध्ये अ‍ॅडब्लू असतं. ते "बंद करून देतो" म्हणणारे भेटतील. तोही बेकायदा बदलच आहे.
- न कळवलेला बदल आढळला तर विमा कंपनी क्लेम अडवू शकते.

आधी हरवलेली पॉवर शोधा

नवी पॉवर विकत घेण्याआधी या गोष्टी तपासा:

१. एअर फिल्टर. उसाच्या फडातली धूळ तो लवकर चोंदवते.
२. टर्बो ते इंटरकूलर ते इंजिन, सगळे होज पाइप आणि क्लिपा. कुठे तेलकट डाग दिसला तर हवा तिथून गळतेय असं समजा.
३. डिझेल फिल्टर, आणि त्यात साचलेलं पाणी.
४. टायरची हवा, आणि एखाद्या चाकाचा ब्रेक चिकटतोय का ते.
५. क्लच स्लिप. आरपीएम वाढतं पण वेग वाढत नाही, तर दोष इंजिनचा नाही.
६. बीएस-६ असेल तर अ‍ॅडब्लूची पातळी. ती संपली की ईसीयू स्वतःच पॉवर कमी करतो.
७. चेक इंजिनचा दिवा. तो लागलेला असताना रिमॅपचा विषयच काढू नका.

यात तुमचा फोनही कामाला येतो. छोट्या पिकअपला ब्लूटूथचा ओबीडी डोंगल लावून अ‍ॅपमध्ये एरर कोड, पाण्याचं तापमान आणि बऱ्याच गाड्यांत टर्बोचा दाबसुद्धा बघता येतो. पण लक्षात ठेवा, हे स्वस्त डोंगल १२ व्होल्टच्या गाड्यांसाठी असतात. मोठे ट्रक बहुतेक २४ व्होल्टचे. तिथे ते लावू नका, मिस्त्रीकडच्या स्कॅनरनेच तपासा.

आमच्या गाडीत आता नवा पिस्टन आहे, कंपनीचा मूळ मॅप आहे आणि नवा होज पाइप आहे. घाट ती व्यवस्थित चढते. फाटलेला तो पाइप दादाने केबिनमध्ये सीटमागे ठेवलाय. कोणी रील दाखवली की आधी तो काढून दाखवतो.

तुमच्या ओळखीत कोणाची गाडी "ओढत नसेल", तर लॅपटॉपवाल्याचा नंबर देण्याआधी त्याला हा लेख पाठवा.