पडदा आणि संगणक एकाच अंगात

डिचोली तालुक्यातल्या कारापूर-तिस्कला साखळीचं सरकारी महाविद्यालय आहे. अशा भागात मुलांच्या अभ्यासासाठी संगणक घ्यायचा विचार बहुतेक घरांत कधी ना कधी होतोच. गोव्यात हे नवं नाही. मनोहर पर्रीकर मुख्यमंत्री असताना ‘सायबरएज’ योजनेतून विद्यार्थ्यांच्या घरी संगणक पोचले होते. त्या काळी संगणक म्हणजे टेबल व्यापणारा मॉनिटर, शेजारी सीपीयूचा डबा आणि मागे वायरींचं जंजाळ. आता दुकानात आणखी एक पर्याय दिसतो, तो म्हणजे पडद्यामागेच संगणक सामावलेला ऑल-इन-वन.

कल्पना जुनीच आहे. ॲपलने 1984 मध्ये मॅकिंटॉश आणि 1998 मध्ये रंगीत आयमॅक याच धाटणीचे काढले. आज एचपी, लेनोवो, एसरसारख्या कंपन्यांची स्वस्त मॉडेलं बहुधा 21.5 ते 24 इंची पडद्याची असतात.

मागचं झाकण काढलं की आत लॅपटॉपच दिसतो. रॅमची पट्टी छोटी, पंखा पातळ, प्रोसेसर कमी वीज खाणारा आणि वीजपुरवठ्याचा अडाप्टर बाहेर. त्यामुळे जागा कमी लागते, आवाज कमी होतो. मोठ्या पडद्यावर ऑनलाइन वर्ग, बँकेचं काम, सरकारी अर्ज, परदेशातल्या नातेवाइकांशी व्हिडिओ कॉल, सगळं आरामात होतं. मान खाली घालून लॅपटॉपवर काम करण्यापेक्षा वडीलधाऱ्यांना हे नक्कीच सोयीचं.

अडचणही याच एकत्रपणात आहे. पडदा गेला की अख्खं यंत्र दुरुस्तीला जातं. ग्राफिक्स कार्ड नंतर बसवता येत नाही आणि काही मॉडेलांत रॅम मदरबोर्डवरच पक्की असते. म्हणून पुढची चार-पाच वर्षं डोळ्यांसमोर ठेवून सुरुवातीलाच किमान 8 जीबी रॅम आणि 256 जीबी एसएसडी घ्यावी. जमल्यास 16 आणि 512. फक्त हार्ड डिस्क असलेलं मॉडेल स्वस्तात मिळालं तरी घेऊ नये. ते सुरू व्हायलाच वेळ खातं. जुनं यंत्र घ्यायचं असेल तर ते विंडोज 11 चालवतं का, हे आधी पाहावं, कारण विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. किंमत अगदीच कमी दिसली तर विंडोज आत आहे की नाही, हेही विचारावं. काही यंत्रं ‘डॉस’ म्हणून विंडोजविना विकली जातात.

कारापूरसारख्या गावात आणखी एक खर्च धरावाच लागतो. ऑल-इन-वनमध्ये सहसा बॅटरी नसते. वीज गेली की न साठवलेलं काम गेलंच. साधा 600 व्हीएचा यूपीएस अशा कमी वीज खाणाऱ्या यंत्राला काम साठवून बंद करण्याइतका वेळ सहज देतो. घराचं आर्थिंग तपासून घ्यावं आणि मृगात किंवा परतीच्या पावसात विजा कडाडू लागल्या की प्लग काढून ठेवावा. खनिजाचे ट्रक धावतात त्या रस्त्यालगतच्या घरात धूळ भरपूर. यंत्राच्या हवेच्या जाळ्या वरचेवर साफ कराव्यात.

अभ्यास, अर्ज, पत्रव्यवहार आणि सिनेमा एवढ्यापुरतं यंत्र हवं असलेल्या घराने ऑल-इन-वन खुशाल घ्यावा. मुलाला मोठे गेम किंवा व्हिडिओ संपादन करायचं असेल, तर डबा आणि वेगळा मॉनिटरच बरा. वसतिगृहात न्यायचं असेल तर लॅपटॉप. पैसे देण्याआधी वॉरंटीत तंत्रज्ञ घरी येतो की यंत्र म्हापसा-पणजीला न्यावं लागतं, हे बिलाबरोबरच्या कागदावर वाचून घ्यावं.