गव्हाचे काड आणि गव्हाचा दाणा

गव्हाचे उत्पन्न वाढावयास काय व्हावे, असे विचारले तर आपणांपैकी बहुतेक जण म्हणतील, ओंबी मोठी यावी, दाणा टपोरा व्हावा, फुटवे पुष्कळ यावेत. उत्तर चूक नाही. परंतु गव्हाचे रोप म्हणजे ठराविक मिळकतीचा संसार. फुटवे वाढले की ओंबीत दाणे कमी भरतात, आणि दाणे वाढले की दाणा बारीक होतो. नुसत्या मोठ्या ओंब्या निवडून पैदासकाराच्या हाती म्हणूनच फारसे लागत नाही.

मग शिल्लक काढावयाची कोठून? ती काडात होती. जुने देशी गहू माणसाच्या छातीपर्यंत वाढत. त्यांना भरपूर खतपाणी दिले की काड अधिकच उंच होई, आणि दाणा भरण्याच्या सुमारास वारा सुटला की पीक लोळे. खत घालावे तर पीक आडवे, न घालावे तर पदरात थोडे, असा तो पेच होता.

तो सोडविणारा गुण जपानातून आला. ‘दारुमा’ नावाच्या तिथल्या बुटक्या गव्हापासून संकराने ‘नोरिन १०’ हे वाण तयार झाले. ते १९३५ साली प्रसृत झाले. उंची अवघी दोन फूट. त्याचे बी १९४६ मध्ये अमेरिकेत गेले, आणि तेथून नॉर्मन बोरलॉग ह्यांच्या हाती मेक्सिकोत पोचले.

बुटकेपणाने पीक लोळेना, हे उघडच झाले. पण खरी मौज पुढे आहे. फुलोऱ्यापूर्वीच्या काही आठवड्यांत काड आणि ओंबी एकाच वेळी वाढत असतात, व दोघांचे अन्न एकाच पानांतून येते. काड आखूड राहिले की ओंबीच्या वाट्यास अधिक येते. एरवी उपासमारीने वाळून जाणारी फुले जगतात, आणि दाण्यांची संख्या वाढते. एकूण वजन फारसे न वाढता भुशाचा वाटा दाण्यात येतो!

भारताने १९६६ मध्ये मेक्सिकोहून अठरा हजार टन बियाणे आणविले. १९६४–६५ मध्ये देशात सुमारे सव्वा कोटी टन गहू पिकला होता; १९६७–६८ मध्ये तो एक कोटी पासष्ट लाख टनांवर गेला. त्या मेक्सिकन गव्हाचा दाणा मात्र लालसर. आमच्या पोळीला तो कसा चालावा? पिवळसर दाण्याचे कल्याणसोना व सोनालिका निवडून काढावे लागले ते ह्यासाठीच.

परंतु बुटकेपणाचीही किंमत पडते. जिबरेलिन हे द्रव्य रोपाला वाढावयास सांगते. हे रोप त्याचे ऐकत नाही. त्यामुळे उगवत्या कोंबाचे संरक्षण करणारे आवरणही आखूडच राहते. बी दोन इंचांहून फार खोल पडले तर कोंब वर येताना मातीतच अडकतो. बागायतीत ह्याचे काही बिघडत नाही. नुसत्या जमिनीतील ओलीवर गहू घेणाऱ्याला मात्र ओल गाठण्यासाठी बी खोलच पेरावे लागते. म्हणून काड आखूड ठेवून कोंबाचे आवरण लांब राखणाऱ्या दुसऱ्या जनुकांवर ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी काम चालविले आहे.