वादळाला नाव, पावसाला रंग : हवामानाचा इशारा कसा ऐकावा?

भोर तालुक्याच्या पूर्व भागातील भोंगवली गावातून समुद्र दिसत नाही. मध्ये सह्याद्रीची रांग उभी आहे. त्यामुळे ‘अरबी समुद्रात चक्रीवादळ’ असे शब्द कानी पडले, की भोर-वेल्ह्याच्या माणसाला ती कोकणाची किंवा मुंबईची बातमी वाटते. ३ जून २०२० रोजी हा समज अपुरा ठरला. त्या दुपारी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आले. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. श्रीवर्धन, मुरूड, दापोली, मंडणगड येथील नारळ-सुपारीच्या बागा आडव्या झाल्या. पुढे घाट ओलांडून वारा पुणे जिल्ह्यात शिरला आणि पश्चिमेकडील तालुक्यांत घरांवरचे पत्रे उडाले, विजेचे खांब कोसळले, पॉलिहाऊस फाटले.

मुंबई मात्र बचावली. तेथे अनेकांनी सुटकेचा निःश्वास टाकला, तर काहींनी इशाऱ्याची थट्टाही केली. जे वादळ शहराला चुकले, ते कोकणातील कुटुंबांची पिढ्यांची कमाई घेऊन गेले होते. एकाच इशाऱ्याकडे पाहण्याच्या ह्या दोन दृष्टी समजून घेणे आवश्यक आहे.

प्रथम नावाविषयी. बंगालचा उपसागर व अरबी समुद्र येथील वादळांना नावे देण्याचे काम नवी दिल्लीतील भारतीय हवामानशास्त्र विभागाकडे आहे. ह्या प्रदेशात नावे देण्याची प्रथा २००४ साली सुरू झाली. म्हणूनच ओडिशात सुमारे १०,००० लोकांचा बळी घेणाऱ्या १९९९ च्या महाचक्रीवादळाला नाव नाही. आरंभी ८ देशांनी नावे सुचविली होती. एप्रिल २०२० मध्ये १३ देशांनी प्रत्येकी १३, अशी १६९ नावांची नवी यादी जाहीर झाली. ‘निसर्ग’ हे तिच्यातील पहिले नाव बांगलादेशाने दिलेले होते. वाऱ्याचा वेग ताशी ६२ किलोमीटर वा अधिक झाला, म्हणजेच चक्रीवादळ निर्माण झाले, की यादीतील पुढचे नाव त्याला मिळते. एकदा वापरलेले नाव येथे पुन्हा वापरले जात नाही.

नाव छोटे, उच्चारायला सोपे आणि कोणाच्याही धर्माला, संस्कृतीला वा भावनेला न दुखावणारे असावे, असा दंडक आहे. तरीही मतभेद होतात. २०१३ साली श्रीलंकेने सुचविलेले ‘महासेन’ हे नाव एका वादळाला मिळाले, तेव्हा त्याच देशातील लोकांनी आक्षेप घेतला. समृद्धी आणणाऱ्या राजाचे नाव विध्वंसाला का द्यावे, हा त्यांचा प्रश्न होता. अखेर ते नाव मागे घेण्यात आले. नावाचा उपयोग मात्र खरा आहे. अक्षांश-रेखांश कोणी लक्षात ठेवत नाही. नाव लक्षात राहते, आणि एकाच वेळी दोन वादळे असली तर घोटाळा होत नाही.

आता विश्वासाविषयी. २०१९ साली ‘वायू’ वादळ गुजरातकडे येत होते. सुमारे तीन लाख लोकांना हलविण्यात आले आणि वादळ दिशा बदलून समुद्रातच राहिले. तो इशारा खोटा होता का? नाही. इशारा ही भविष्यवाणी नसते. धोक्याची शक्यता किती आहे, हे तो सांगतो. २०२३ च्या जूनमध्ये ‘बिपरजॉय’ आले, तेव्हा गुजरातमध्ये एक लाखाहून अधिक लोक पुन्हा घरे सोडून सुरक्षित स्थळी गेले. ह्या वेळी वादळ खरोखरच कच्छच्या किनाऱ्यावर आदळले, परंतु मनुष्यहानी फारच थोडी झाली.

इशारा पोहोचलाच नाही तर काय होते, हे २०१७ च्या ‘ओखी’ने दाखविले. केरळ व तमिळनाडूचे मच्छीमार आधीच खोल समुद्रात गेले होते आणि वादळ झपाट्याने वाढले. शेकडो जण मृत्युमुखी पडले वा बेपत्ता झाले. त्यांत कॅथलिक कुटुंबांतील बांधव मोठ्या संख्येने होते.

आपल्या डोंगराळ भागासाठी आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव दरडीखाली गाडले गेले. १५० हून अधिक माणसे गेली. २२ जुलै २०२१ रोजी वरंध घाटापलीकडे महाड तालुक्यातील तळिये येथे ८० हून अधिक जण दगावले. त्या पावसाला नाव नव्हते. नाव मिळते ते चक्रीवादळाला. घाटमाथ्यावरील मुसळधार पावसाला केवळ रंग मिळतो. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे सज्ज राहा आणि लाल म्हणजे कृती करा. नाव नाही म्हणून धोका कमी, असे मानणे हीच आपल्याकडील मोठी चूक आहे.

म्हणून काही साध्या गोष्टी पाळाव्यात. इशाऱ्यात शहराचे नव्हे, आपल्या जिल्ह्याचे व घाटमाथ्याचे नाव आहे का ते पाहावे. पत्रे आधीच घट्ट बांधावेत; वादळात छपरावर चढू नये. जनावरे झाडाखाली बांधू नयेत. डोंगरउतारावर भेगा दिसल्या वा झऱ्याचे पाणी अचानक गढूळ झाले, तर घर सोडावे व ग्रामपंचायतीला कळवावे. विजांच्या इशाऱ्यासाठी पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने ‘दामिनी’ हे अ‍ॅप तयार केले आहे. ज्यांच्याकडे मोबाईल नाही, त्या वृद्धांना व एकट्या राहणाऱ्यांना शेजाऱ्यांनीच सांगावयाचे असते. रविवारच्या मिस्सानंतर दोन मिनिटांची सूचनाही ह्या कामी येऊ शकते.

इशारा मिळूनही काही घडले नाही, तर फसलो असे म्हणू नये. त्या रात्री सर्व जण सुखरूप घरी परतले, एवढे पुरेसे आहे.