मोटारसायकलीचा पिवळा दिवा : दोषांक घरीं वाचावेत कसे व पुसावेत केव्हां?

घरांतील एखादें माणूस आजारी पडलें म्हणजे वैद्यास ज्वर किती, खोकला आहे कीं नाहीं, हें सांगावें लागतें. ‘बरें वाटत नाहीं’ एवढ्यानें भागत नाहीं. मोटारसायकलीची गोष्ट आतां तशीच झाली आहे. कार्बुरेटरच्या गाडीचीं दुखणीं कानानें व नाकानें ओळखतां येत. प्लगचा रंग पाहावा, जेट साफ करावा, कीं बहुतेक काम भागे. १ एप्रिल २०२० पासून ‘भारत स्टेज ६’ हे धूरनियमनाचे नियम देशभर लागू झाले आणि नव्या गाड्यांतून कार्बुरेटर जवळ जवळ नाहींसा झाला. त्याच्या जागीं आलेली फ्यूएल इंजेक्शनची यंत्रणा एका लहानशा विद्युत्-मेंदूच्या आज्ञेनें चालते. यासच ‘ई. सी. यू.’ म्हणतात. हवेचा दाब, इंजिनाची उष्णता, ॲक्सिलरेटर किती पिळला, धुरांत प्राणवायु किती उरला, या साऱ्या वार्ता त्यास निरनिराळे सेन्सर पुरवितात, आणि त्यांवरून पेट्रोल किती फवारावें तें तो ठरवितो.

किल्ली फिरवितांच मीटरवर इंजिनाच्या आकृतीचा एक पिवळा दिवा लागतो व इंजिन सुरू झालें कीं मावळतो. ही त्या दिव्याची स्वतःची परीक्षा होय. इंजिन चालू असतांही तो तेवत राहिला, तर मेंदूनें कांहीं दोष पाहून त्याचा अंक आपल्या दप्तरीं नोंदविला आहे असें समजावें. अशा वेळीं आपल्या घरांतून दोन प्रकारची वागणूक दिसते. चिरंजीव म्हणतात, ‘गाडी चालते आहे ना, मग दिव्याकडे पाहतो कोण?’ आणि वडील मंडळी धास्तावून गाडी तशीच वर्कशॉपमध्यें पाठवितात व जें बिल होईल तें मुकाट्यानें भरतात. आमच्या मतें दोन्ही मार्ग सारखेच नुकसानीचे आहेत. दिवा काय म्हणतो तें वाचतां येतें, आणि त्याकरितां एंजिनियरची पदवी लागत नाहीं.

अंकांची लिपि

ही पद्धति मूळची मोटारींची. अमेरिकेंत १९९६ सालापासून नव्या मोटारींस ती सक्तीची झाली. पुढें दुचाकींनींही तीच लिपि उचलली. दोषांकांत एक रोमन अक्षर व त्यापुढें चार अंक असतात. ‘पी’ म्हणजे इंजिन व गिअर यांकडील दोष, ‘सी’ म्हणजे ब्रेकसारख्या भागांचा, ‘यू’ म्हणजे निरनिराळ्या मेंदूंमधील संदेशवहनाचा. अक्षरानंतरचा अंक शून्य असला तर दोषांक सर्व कंपन्यांस समान; एक असला तर तो त्या कंपनीचा खासगी, व त्याचा अर्थ तिच्याच पुस्तिकेंत शोधावयाचा. त्यापुढील अंकावरून दोषाचें खातें कळतें : १ व २ हवा आणि इंधन, ३ ठिणगी, ४ धूरनियमन, ५ वेग व मंदगति. शेवटचे दोन अंक नेमकी जागा दाखवितात. उदाहरणार्थ, ‘पी ०१२२’ हा ॲक्सिलरेटरची स्थिति कळविणाऱ्या सेन्सरचा, ‘पी ०२०१’ पहिल्या सिलिंडरच्या इंजेक्टरचा, ‘पी ०३५१’ इग्निशन कॉइलचा, तर ‘पी ०५६२’ विजेचा दाब अपुरा असल्याचा.

वाचण्याची रीति

सीटखालीं किंवा बाजूच्या झांकणाआड एक मोकळा कपलर असतो. अलीकडील पुष्कळ गाड्यांत तो लाल रंगाचा व सहा पिनांचा असतो. मोटारींतील कपलर सोळा पिनांचा असल्यामुळें दोहोंस जुळविणारी एक आंखूड केबल घ्यावी लागते. तिला लहानसा ब्लूटूथ स्कॅनर जोडला कीं मोबाइलवर दोषांक वाचतां येतात. कांहीं गाड्या ‘कॅन’ या बोलींत बोलतात, कांहीं ‘के-लाइन’ या जुन्या बोलींत. आपल्या गाडीची बोली न जाणणारा स्कॅनर कितीही स्वस्त मिळाला तरी निरुपयोगी. म्हणून खरेदीपूर्वीं चौकशी करावी.

होंडाच्या इंजेक्शनच्या अनेक गाड्यांत यंत्रावांचूनही दोषांक कळतो. तेथें दिवाच लुकलुकून अंक सांगतो : दीर्घ चमक म्हणजे दहा, ऱ्हस्व चमक म्हणजे एक. दोन दीर्घ व एक ऱ्हस्व म्हणजे २१, अर्थात् प्राणवायूचा सेन्सर. सात ऱ्हस्व म्हणजे उष्णतेचा. मात्र याकरितां कपलरच्या दोन पिना जोडावयाच्या असल्यास त्या कोणत्या, हें पुस्तिकेंत पाहूनच जोडाव्या. अंदाजानें जोडलेली एक तार संपूर्ण मेंदू जाळूं शकते.

अंक म्हणजे निदान नव्हे

आमच्या सांगण्याचें सार याच एका गोष्टींत आहे. समजा, पाण्यानें थंड होणाऱ्या इंजिनाच्या गाडीवर ‘पी ०११८’ आला. यंत्र सांगतें, ‘उष्णतेच्या सेन्सरचें सर्किट, उच्च’. पुष्कळ लोक यावरून इंजिन तापलें असें समजतात. वस्तुतः उच्च आहे तो विजेचा दाब. या सेन्सरचा विद्युत्-विरोध उष्णतेबरोबर कमी होतो. तार तुटली अथवा कपलर निसटला तर विरोध अमर्याद होतो, दाब वर चढतो, आणि मेंदूस वाटतें कीं इंजिन बर्फाहून थंड आहे. स्कॅनरवर त्या वेळीं बहुधा उणें ४० अंश दिसतें. पुण्याच्या भर उन्हाळ्यांत उणें ४० दिसलें, तर सेन्सर विकत आणण्यापूर्वीं कपलर उघडून पाहावा हें उघड आहे. पावसाळ्यांत त्यांत पाणी शिरतें, पिना गंजतात, आणि तारा कुरतडण्याचें काम उंदीरही आवडीनें करितात.

तपासणीचा क्रम असा ठेवावा. प्रथम बॅटरी : विसांव्याच्या स्थितींत ती सुमारें १२.६ व्होल्ट व इंजिन चालू असतां सामान्यतः १३.५ ते १४.५ व्होल्ट दाखविते. बॅटरी अशक्त असेल तर एकाच वेळीं अनेक खोटे दोषांक उमटतात. नंतर फ्यूज, मग कपलर व तारा, आणि शेवटीं सेन्सर. सर्वांत महाग वस्तु सर्वांत शेवटीं बदलावी, हा नियम घरच्या कर्त्या माणसानें मिस्त्रीपाशींही आग्रहानें धरावा. सेन्सर बदलूनही दिवा कायम राहतो याचें कारण बहुधा हेंच कीं दोष तारेचा असतो व दंड सेन्सरला होतो.

पुसावें केव्हां?

स्कॅनरवर दोषांक पुसण्याची आज्ञा असते. इंजिन बंद, किल्ली चालू, अशा स्थितींत ती द्यावी. मग किल्ली बंद करून पुनः चालू करावी, गाडी आठ-दहा किलोमीटर फिरवावी आणि पुनः वाचन करावें. अंक परतला नाहीं तर दुरुस्ती खरी. परंतु पुसण्यापूर्वीं दोषांक तारखेसह वहींत लिहून ठेवावा. दोष घडला तेव्हां इंजिनाचे फेरे किती होते, उष्णता किती होती, याची नोंदही पुष्कळ गाड्या ठेवितात. पुसतांच तीही जाते, व मिस्त्रीच्या हातीं कांहींच पुरावा उरत नाहीं. बॅटरीची तार काढून दोषांक घालविण्याची युक्ति कांहीं लोक सांगतात. ती सर्व गाड्यांत चालत नाहीं.

दुरुस्तीवांचून केलेलें पुसणें म्हणजे ज्वर उतरविण्याऐवजीं थर्मामीटर झटकणें होय. ठिणगी चुकत असतां गाडी तशीच दामटली तर न जळलेलें पेट्रोल सायलेन्सरमधील कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्यें जाऊन पेटतें व तो महागडा भाग नष्ट होतो. जुनी गाडी विकतांना दिवा पुसून देणारेही आढळतात. म्हणून घेणाऱ्यानें किल्ली फिरवून दिवा क्षणभर लागतो कीं नाहीं तें आधीं पाहावें. मुळींच न लागणारा दिवा लागून राहणाऱ्या दिव्याहून अधिक संशयास्पद आहे. शिवाय स्कॅनर लावून लांब फेरी मारावी व फेरीनंतर पुनः वाचावें.

दोन मर्यादा मात्र पाळाव्या. ऑइलचा लाल दिवा लागला तर वाचन वगैरे कांहीं न करितां इंजिन तत्काळ बंद करावें. आणि ए. बी. एस.चा दिवा हा ब्रेकचा विषय असल्यामुळें त्याचें काम जाणत्याच्याच हातीं द्यावें. गाडी वॉरंटींत असेल तर घरीं वाचन करावें, पण तारा सोडूं नयेत.

एकत्र कुटुंबांत एकाच गाडीवर कॉलेजांत जाणारा मुलगा, ऑफिसांत जाणारी सूनबाई व बाजारहाट करणारे काका, असे तिघे बसतात. दोष एकाच्या हातून घडतो, दिवा दुसऱ्यास दिसतो आणि बिल तिसरा भरतो. गाडीच्या कागदांबरोबर एक लहानशी वही ठेवून ज्यास दिवा दिसेल त्यानें तारीख, किलोमीटर व दोषांक लिहावा, एवढी शिस्त लावली तरी पुष्कळ साधेल. मिस्त्रीचा धंदा बुडावा असा यांत हेतु नाहीं. उलट नेमकी तक्रार घेऊन येणारें गिऱ्हाईक चांगल्या मिस्त्रीस नेहमींच हवें असतें.