चालू रुपया, जुना पैसा आणि उत्तनची वाळू

आपल्या खिशातला चालू रुपया मेटल डिटेक्टरला लोखंड वाटतो. हे यंत्र घेऊन भाईंदरजवळच्या उत्तनच्या किनाऱ्यावर उतरणाऱ्याला आधी हीच गोष्ट शिकावी लागते. 1992 पासून आपला रुपया स्टेनलेस स्टीलचा झाला आणि तोही चुंबकाला चिकटणाऱ्या जातीचा. पुढे दोनाचं नाणंही त्याच वाटेने गेलं, पाचाचंही काही काळ. यंत्रात लोखंड गाळण्याची सोय असते. ती चालू केली की गंजके खिळे, बिल्ले, पत्र्याचे तुकडे मुके होतात आणि त्यांच्याबरोबर आपली अलीकडची बरीचशी चिल्लरही मुकी होते. नव्या चिल्लरीसाठी आलेल्याला ही अडचण वाटेल. जुनं नाणं शोधणाऱ्याच्या मात्र ती पथ्यावर पडते, कारण जुनं नाणं तांब्याचं, चांदीचं, ब्राँझचं किंवा तांबं-निकेलच्या मिश्रणाचं असतं. यातला एकही धातू चुंबकाला दाद देत नाही, पण यंत्राला स्वच्छ ऐकू येतो. अपवाद 1947 च्या रुपयासारख्या निकेलच्या नाण्यांचा. सहाव्या जॉर्जचं चित्र असलेला तो रुपया शुद्ध निकेलचा आहे आणि निकेल चुंबकाकडे ओढलं जातं. लोखंड गाळत चालणाऱ्याच्या पायाखालून तो निसटू शकतो.

यंत्र माझ्या भाच्याचं. मीरा रोडला राहतो, इलेक्ट्रॉनिक्स शिकतो. मला नाण्यांचा नाद जुना, त्याला यंत्राचा नवा. दोघांचं जमलं ते यामुळेच. खालच्या टोकाच्या चकतीत दोन वेटोळी असतात. एकातून सतत उलटसुलट होणारा विद्युतप्रवाह जातो आणि जमिनीत चुंबकीय क्षेत्र पसरतं. त्या क्षेत्रात धातू आला की धातूतही क्षीण प्रवाह गोल गोल फिरू लागतात. त्यांचं स्वतःचं बारीकसं क्षेत्र तयार होतं आणि ते दुसऱ्या वेटोळ्याला कळतं. कळायला किंचित उशीर होतो. हा उशीर किती, यावरून यंत्र धातूचा अंदाज बांधतं. चांदी-तांब्याला उंच सूर, लोखंडाला खालचा, आणि मधल्या पट्टीत ॲल्युमिनियमचे तुकडे, शिसं, पितळ आणि दुर्दैवाने पातळ सोनंही. अंगठीचा आणि शीतपेयाच्या डब्याच्या कडीचा सूर इतका सारखा असतो की उकरल्याशिवाय इलाज नाही.

किनाऱ्यावर वेळ समुद्र ठरवतो. कोळ्यांच्या भाषेत अमावस्या-पौर्णिमेचं ते उधाण आणि अष्टमी-नवमीच्या सुमाराचा तो भांग. भांगाला पाणी फारसं चढत नाही आणि फारसं उतरतही नाही. उधाणाच्या ओहोटीला मात्र एरवी पाण्याखाली असणारी वाळू उघडी पडते, म्हणून आम्ही तिथी बघून निघतो. पावसाळ्यात लाटा किनारा कापून नेतात, दिवाळीनंतर समुद्र तीच वाळू हळूहळू परत आणून घालतो. या कापाकापीत हलकी वाळू पुढे जाते आणि जड वस्तू खडकाच्या पायथ्याशी, घळींत, खरबरीत खड्याच्या पट्ट्यात अडकून राहतात. नाणं, शिशाचा गोळा, बोटीचा मोळा, सगळे एकाच पट्ट्यात सापडतात, कारण समुद्र त्यांना फक्त वजनाने ओळखतो. मऊ, सपाट, चालायला सुखाच्या वाळूत तासभर फिरलात तरी हाती काही लागत नाही. पायाला खडे टोचू लागले की भाचा चाल मंद करतो.

ओल्या वाळूत आणखी एक पंचाईत असते. खारं पाणी स्वतःच वीज वाहून नेतं, त्यामुळे लाटेच्या काठाला यंत्र धातू नसतानाही किरकिरत राहतं. त्यात आपली वाळू बेसाल्टच्या खडकातून झिजून आलेली. तिच्यातले काळे, जड कण चुंबकाला लागणारे. काळ्या वाळूचा पट्टा आला की सूर बिघडतो. मग भाचा संवेदनशीलता उतरवतो आणि यंत्र त्या जमिनीशी जुळवून घेतो. चकती वाळूपासून दोन बोटांवर धरून वर-खाली करायची आणि आवाज शांत होईपर्यंत यंत्राला तिथल्या मातीची सवय होऊ द्यायची. संवेदनशीलता उतरवली की खोलीही कमी होते. नाण्याएवढी वस्तू वीतभर खोलीवर कळली तरी आम्ही समाधान मानतो. जमिनीत पुरुषभर खाली पाहणारी यंत्रं म्हणून ज्या गप्पा गावोगाव ऐकू येतात, त्यांना नाण्याच्या बाबतीत काही अर्थ नाही.

चकती झाडूसारखी उचलत फिरवायची नाही. ती जमिनीला समांतर ठेवून सावकाश न्यायची आणि मागच्या फेरीवर निम्मी चढवायची. सूर आला की थांबायचं, त्याच जागी काटकोनात वळून पुन्हा फिरवायचं. नाणं कुठूनही जवळजवळ सारखंच असतं, त्यामुळे चारी बाजूंनी सूर सारखा येतो. खिळा एका बाजूने गोड बोलतो, दुसऱ्या बाजूने खरखरतो. एका सकाळी खडकाच्या बेचक्यात आलेला सूर दोन्ही दिशांनी एकसारखा होता, उंच नव्हता, मधला होता. भाच्याने हेडफोनचा एक कान माझ्या कानाला लावला. "मामा, हे ऐक. तुटत नाहीये." त्याने जाळीच्या फावड्याने वाळू काढली, खड्ड्यावर यंत्र धरलं. खड्डा गप्प. म्हणजे वस्तू बाहेरच्या ढिगात. ढिगाचे दोन भाग केले, मग त्यातल्या बोलणाऱ्या भागाचे पुन्हा दोन. शेवटी हातातल्या छोट्या पिनपॉइंटरने मूठभर वाळूत थरथरून जागा दाखवली. एक काळपट कोपरा दिसला. कोपरा म्हटल्यावर मी जे ओळखायचं ते ओळखलं, पण बोललो नाही.

अशा वेळी अंगठा आपोआप घासायला जातो आणि तोच आवरावा लागतो. खाऱ्या वाळूतल्या नाण्यावर कण चिकटलेले असतात, घासलं की तेच कण पृष्ठभाग ओरबाडतात. बाटलीतलं गोडं पाणी ओतलं. गोलसर कोपऱ्यांचं चौकोनी नाणं, एका बाजूला सिंहशीर्ष, दुसऱ्या बाजूला ठसठशीत 5, त्याच्याभोवती "नये पैसे" आणि "रुपये का बीसवाँ भाग". खाली 1961 आणि सालाखाली बारीकसा हिऱ्याचा आकार, मुंबई टांकसाळीची खूण. तांबं-निकेलचं असल्यामुळे कडा तपकिरी झाल्या होत्या, एका जागी हिरवट डाग होता, पण अक्षरं शाबूत. भाच्याला "रुपयाचा विसावा भाग" असं नाण्यावर का लिहावं लागलं ते सांगावं लागलं. 1 एप्रिल 1957 ला रुपयाचे शंभर नये पैसे झाले, तोवर लोकांचा हिशेब सोळा आण्यांचा. बाजारात दोन्ही नाणी एकत्र फिरत होती, तेव्हा नाण्यानेच आपली किंमत फोड करून सांगावी लागली. "नये" हा शब्द 1964 मध्ये गळला.

आता हे नाणं वाळूत कधी पडलं? 1961 च्या आधी नाही, एवढंच छातीठोक सांगता येतं. पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी जून 2011 अखेर कायद्याने बंद झाली, पण पाच पैसे हातातून त्याच्या कितीतरी आधी गेले होते. ते कुणाच्या कनवटीतून इथेच पडलं, की मैलभर दुरून लाटांनी आणलं, याला पुरावा नाही. किनाऱ्यावरच्या वाळूला थर राहत नाहीत, दरवर्षी समुद्र सगळं ढवळून काढतो. मी उत्तनच्या वाळूत निश्चिंत मनाने हात घालतो तो याचमुळे. तिथली वस्तू उचलताना आपण काही पुसून टाकत नाही, कारण समुद्राने ते आधीच पुसलेलं असतं.

नाण्यांपेक्षा कितीतरी जास्त निघतं ते शिसं. जाळ्यांना बांधायचे शिशाचे गोळे गावाच्या किनाऱ्यावर जागोजाग पुरलेले असतात. त्याखालोखाल बाटल्यांची बुचं, गोळ्यांच्या पाकिटांचा चांदीचा कागद, गळ, मोळे, आणि कधी गळ्यातल्या साखळीतून निखळलेलं मरियमेचं इवलंसं पदक. बोंबील वाळत घालणाऱ्या एका कोळीण मावशींनी पहिल्यांदा लांबूनच विचारलं होतं, "काय गावला काय, बाला?" भाच्याने ओंजळभर शिसं दाखवलं. त्या हसल्या नाहीत, जवळ येऊन एकेक गोळा निवडून घेतला. शिसं विकत घ्यायचं तर पैसे पडतात. तेव्हापासून शिसं त्यांच्याकडे जातं. पदकं वेलंकनी मातेच्या देवळात देतो, आणि बुचं-गळ पिशवीत भरून कचऱ्यात टाकतो. उकरलेला कचरा पुन्हा वाळूत सोडणाऱ्याच्या हाती यंत्र असू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. गळ तर कुणाच्याही पायात जाईल.

खाडीतल्या नाण्यांविषयी लोक हमखास विचारतात. भाईंदर-नायगावच्या पुलावरून लोकल जाताना दारातले हात कपाळाला लागतात आणि नाणं खाली पाण्यात जातं. या मार्गावर आगगाडी 1864 पासून धावते आहे. तेव्हा त्या गाळात राणीच्या पाव आण्यापासून आजच्या स्टीलपर्यंत सगळं असणार. गोदावरीच्या काठी पोरं दोरीला चुंबक बांधून नाणी काढतात, पण त्या चुंबकाला प्रामुख्याने स्टीलचं नाणंच लागतं. 1975 ते 1991 मधला तांबं-निकेलचा जाडजूड रुपया त्याला दिसतच नाही. खाडीत आम्ही उतरत नाही. गाळ माणसाला गिळतो आणि भरतीची ओढ दम खाऊ देत नाही. नाणं टाकणाऱ्यांची श्रद्धा त्यांच्यापाशी, पण त्याच हातांनी निर्माल्याची जड पिशवी किंवा नारळ धावत्या गाडीतून भिरकावणं थांबलंच पाहिजे. मधल्या पाणजू बेटावरची माणसं त्या पुलाच्या कडेने पायी येजा करतात.

भाच्याची खरी ओढ मात्र वाळूकडे नव्हती. उत्तनच्या टेकडीवर धारावीचा किल्ला आहे. चिमाजी अप्पांच्या 1737 ते 1739 च्या वसई मोहिमेत मराठे आणि पोर्तुगीज या जागेसाठी पुन्हा पुन्हा लढले, कारण खाडीच्या तोंडावर ती नजर ठेवते. भाईंदरच्या दुसऱ्या अंगाला घोडबंदरचा पोर्तुगीज कोट. "मामा, एकदाच वर फिरवूया ना. खणायचं नाही, नुसतं ऐकायचं." मी नाही म्हटलं. ऐकल्यावर न खणता परत येणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

त्याला मी जोगळटेंभीची गोष्ट सांगितली. नाशिक जिल्ह्यातल्या या गावी 1906 मध्ये चांदीच्या नाण्यांचा साठा निघाला, तेरा हजारांहून जास्त नाणी, सगळी क्षत्रप नहपानाची. त्यातल्या निम्म्याहून कितीतरी अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारला होता. हरलेल्या राजाचं चलन जिंकलेल्याने कसं आपलंसं केलं, हे त्या साठ्याने दाखवलं. तेच नाणं सुटं सुटं सराफाकडे आलं असतं तर नहपानाचं एक नाणं, सातकर्णीच्या ठशाचं एक नाणं, एवढंच हाती उरलं असतं. किती ठसे मारले आणि किती राहिले, हे प्रमाण एकत्र सापडण्यातच होतं.

खाडीपलीकडचं सोपारं तर आमच्या घराजवळचं. 1882 मध्ये भगवानलाल इंद्रजींनी तिथला बुरुड राजाचा कोट खणला. आत स्तूप निघाला, स्तूपात दगडी पेटी, पेटीत एकात एक बसवलेल्या डब्या, आणि सोबत यज्ञश्री सातकर्णीचं चांदीचं एक नाणं. त्या नाण्यावरून तो ठेवा कोणत्या काळाच्या आधी पुरलेला असू शकत नाही, हे ठरलं. तेच नाणं कुणी आधी एकटं उकरून नेलं असतं तर चांदीचा एक तुकडा मिळाला असता आणि स्तूपाने आपलं वय सांगायचं साधन गमावलं असतं.

कायदाही हेच सांगतो, जरा जुन्या भाषेत. 1878 चा निखात निधी अधिनियम अजून लागू आहे. जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली तर ती काय आहे, किती किमतीची आहे, कुठे आणि कोणत्या तारखेला सापडली, हे जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवायचं. हे दहा रुपये तेव्हाचे, म्हणजे दहा तोळे वजनाचे रुपये. आकडा आजही तोच आहे, त्यामुळे जवळजवळ कुठलंही जुनं नाणं त्यात बसतं. वस्तू बेवारस ठरली आणि दुसरा करार नसला तर तीन चतुर्थांश शोधणाऱ्याचे, एक चतुर्थांश जमीनमालकाचा. लपवलं तर एक वर्षापर्यंत कैद. पिंपरी-चिंचवडजवळ चिखलीत 2021 मध्ये बांधकामाच्या मातीत निघालेल्या 216 सोन्याच्या मोहरा पोलिसांनी ताब्यात घेतल्या, त्या न कळवल्यामुळेच. शंभर वर्षांहून जुनं नाणं 1972 च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं, ते देशाबाहेर नेता येत नाही. संरक्षित किल्ल्यांच्या आवारात तर परवानगीशिवाय खणणंच गुन्हा.

"आणि समजा," भाचा म्हणाला, "खालच्या वाळूतच शिवराई निघाली तर?" प्रश्न रास्त आहे. शिवराई एकोणिसाव्या शतकातही बाजारात चालत होती, ती कुठेही पडलेली असू शकते. मी म्हटलं, हात लावायच्या आधी फोटो, शेजारी पट्टी ठेवून. खोली मोजायची, जवळच्या खडकापासूनचं अंतर लिहायचं, आणि आणखी सूर आला तर खणणं तिथेच थांबवायचं. एकाशेजारी दुसरं नाणं असेल तर ते लाटेने आणलेलं नसण्याची शक्यता वाढते, मग ते काम आपलं नाही, पुरातत्त्ववाल्यांचं.

आता त्याच्याकडे वही आहे. पाच नये पैशांची नोंद तीत पहिली: तारीख, तिथी, ओहोटीची वेळ, खोली, सूर. शेजारचं पान कोरं आहे, वर फक्त ठाण्याच्या जिल्हाधिकारी कचेरीचा पत्ता लिहिलेला.